गाडी ‘खट्’ करते, म्हणजे नेमके काय सैल झाले?

आपल्या मंडळाच्या काही सभासदांच्या घरी अजून जुन्या मोटारी आहेत. कुणाच्या शेडमध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आहे, कुणी वडिलांची मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड झाकून ठेवली आहे, तर एकाकडे गोव्यात तयार झालेली दोन आसनांची उघडी सॅन स्टॉर्मही आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही अशा गाड्या सांभाळणाऱ्या चार-पाच जणांत रविवारी सकाळी जाऊन बसतो. तिथे एक प्रश्न हमखास येतो: “ॲक्सिलरेटर सोडला आणि पुन्हा दाबला की खालून ‘खट्’ आवाज येतो. क्लच गेला का?”

बहुतेक वेळा उत्तर असते, नाही. पण लोक क्लच बदलून घेतात. क्लच नवा बसतो, पैसे जातात आणि ‘खट्’ तिथेच राहते. मग पुढचा सल्ला येतो गिअरबॉक्स उघडण्याचा. त्यानंतर घरातली मंडळी म्हणतात, आता पुरे, भंगारवाल्याला बोलवा. असे होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत. यात मोठी विद्या नाही, बँकेत दिवसाचा ताळा जमवताना जेवढी चिकाटी लागते तेवढी पुरते.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करू. क्लच घसरणे म्हणजे इंजिन जोरात फिरते पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. सैलपणा, ज्याला गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात, म्हणजे इंजिन फिरायला लागल्यापासून चाक फिरायला लागेपर्यंत मध्ये थोडा रिकामा फेरा जातो आणि तो संपताच झटका बसतो. पहिल्या तक्रारीत दोन तबकड्या एकमेकींवर सरकतात. दुसरीत लोखंडावर लोखंड आपटते. दोन्हींची खाती वेगळी आहेत, एकाची रक्कम दुसऱ्यात टाकू नये.

सैलपणा कसा साचतो हे ज्यांनी बेळगावच्या रेल्वे गेटवर थांबून मालगाडी सुटताना ऐकली आहे त्यांना सांगायला नको. इंजिन हलते, मग पहिल्या डब्याची कडी ताणली जाते, मग दुसऱ्याची, आणि ‘खड्-खड्-खड्’ आवाज शेवटच्या डब्यापर्यंत धावत जातो. एकेका कडीतली फट बोटभरच, पण पन्नास कड्यांची मिळून मोठी होते. मोटारीतही तसेच. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत शक्ती जाताना क्लच प्लेटमधल्या छोट्या स्प्रिंगा, गिअरचे दात, शाफ्टच्या खाचा, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, क्राऊन-पिनियनचे दात, एक्सल आणि शेवटी चाकाचा हब एवढी ठिकाणे लागतात. प्रत्येकात थोडी फट असते, आणि काही ठिकाणी ती असलीच पाहिजे. क्राऊन-पिनियनमध्ये शून्य फट ठेवली तर तेलाला जागा राहत नाही, दात तापतात आणि खराब होतात. म्हणून फट आहे का, एवढे विचारून भागत नाही. ती कुठे आहे आणि तिथे तेवढी चालते का, हे पाहावे लागते.

उदाहरणासाठी हेरल्ड घेतो, कारण आमच्यापैकी दोघांकडे ती आहे आणि स्पोर्ट्स कारशी तिचे रक्ताचे नाते आहे. ट्रायम्फ हेरल्ड १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये आली. १९६१ पासून स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती मद्रासला बनवायला घेतली. तिचे रूप जिओव्हानी मिकेलॉटी या इटालियन कलाकाराचे, आणि तिच्याच सांगाड्यावरून पुढे १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार निघाली. मागची चाके, हाफ शाफ्ट, डिफरन्शियल, आडवा पाटा, हे सारे दोघींत जवळपास एकच. त्यामुळे जगभर स्पिटफायरवाले ज्या ‘खट्’च्या मागे लागलेले असतात, तीच ‘खट्’ आपल्या हेरल्डमध्ये ऐकू येते.

या दोन्ही गाड्यांत एक गोष्ट पद्मिनी किंवा ॲम्बेसिडरपेक्षा वेगळी आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. पद्मिनीला मागे सलग एक्सल आहे. त्याच्या लोखंडी नळीत दोन्ही शाफ्ट झाकलेले असतात आणि चाक जागेवर धरण्याचे काम ती नळी करते. हेरल्डमध्ये डिफरन्शियल चेसीला बांधलेले असते आणि त्यातून दोन्ही बाजूंना उघडे हाफ शाफ्ट निघतात. प्रत्येक शाफ्टला डिफरन्शियलच्या बाजूला एक युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत एक क्रॉस. चाक खड्ड्यात वर-खाली झाले की त्या क्रॉसभोवती तो शाफ्ट झोका घेतो. म्हणजे हा शाफ्ट चाक फिरवतोही आणि चाक आडव्या दिशेला जागेवर धरूनही ठेवतो. पद्मिनीचा प्रोपेलर शाफ्ट तुटला तर मोठा आवाज होतो, पुढचे टोक रस्त्यावर पडले तर धोकाही असतो. पण हेरल्डचा हाफ शाफ्टचा क्रॉस तुटला तर चाकच आपल्या जागी राहत नाही. तवंदी घाटाच्या उतारावर किंवा चोर्ल्याच्या वळणावर तसे झाले तर काय, हे लिहायला नको. म्हणून हेरल्ड-स्पिटफायरच्या मागून येणारी ‘खट्’ ही नुसती कानाची तक्रार समजू नये.

आता तपासणी. साहित्य साधे आहे: पांढरा खडू, बॅटरी, लांब स्क्रूड्रायव्हर, चांगला जॅक, दोन पक्के स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, एक मदतनीस आणि एक वही. जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचे नाही. आपल्याकडे स्टँडऐवजी विटा किंवा जांभ्याचे चिरे लावायची सवय आहे, ती अगदी सोडून द्यावी. जांभा दिसतो भक्कम, पण एका टोकावर भार आला की भुगा होतो.

गाडी उचलण्याआधी नुसते ऐका. सपाट, मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जात ॲक्सिलरेटर सोडा, दाबा, सोडा. एकदाच ‘खट्’ आणि मग शांतता असेल तर तो साचलेला सैलपणा. चाकाच्या वेगाबरोबर ‘टक्-टक्-टक्’ चालू राहिले तर एखादा क्रॉस किंवा बेअरिंग झिजलेले. हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव ऐकू आली तर क्रॉसमधले ग्रीस संपले आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर वेगळा सूर असा हुंकार येत असेल तर डिफरन्शियलकडे बघावे लागेल. आवाज गाडीच्या खालच्या लोखंडातून फिरून कानावर येतो, त्यामुळे ‘मागून येतो’ किंवा ‘पुढून येतो’ यावर फार विश्वास ठेवू नये. आम्ही आवाजाचा प्रकार लिहून ठेवतो, जागा नाही.

मग मोजणी. पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. दुसरे मागचे चाक उचलून गाडी स्टँडवर घ्या. हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी टॉप गिअरमध्ये. आता उचललेले चाक हलक्या हाताने पुढे-मागे फिरवा. ते काही अंतर मोकळे फिरेल आणि थांबेल. टायरवर खडूची खूण करून दोन टोकांमधले अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा.

इथे थोडे गणित आहे. एक चाक जमिनीवर अडवलेले असताना दुसरे चाक १० अंश फिरले तर डिफरन्शियलचा मधला भाग फक्त ५ अंश फिरतो. आणि क्राऊन-पिनियनचे प्रमाण साधारण ४ धरले तर प्रोपेलर शाफ्ट २० अंश फिरतो. उलट बाजूने पाहिले तर प्रोपेलर शाफ्टच्या पुढे कुठेतरी २० अंशांचा सैलपणा असेल तर तो चाकावर १० अंश दिसेल. हेरल्डच्या १३ इंची रिमच्या टायरवर १० अंश म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर. याचा अर्थ चाकाजवळची फट चाकावर जशीच्या तशी दिसते, इंजिनाजवळची निम्मी होऊन दिसते. रुपया तोच, कुठल्या शाखेत मोजला त्यावर आकडा बदलतो.

‘किती सेंटिमीटर चालतात?’ असा प्रश्न येतोच. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही, प्रत्येक गाडी वेगळी. पण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, त्याच गिअरमध्ये, त्याच चाकावर मोजून वहीत लिहिले तर तो आकडा बोलू लागतो. तीन वर्षे तोच राहिला तर निर्धास्त राहा. एका वर्षात दीडपट झाला तर शोधायला लागा.

हीच मोजणी लगेच तिसऱ्या गिअरमध्ये करा. या पायरीकडे गॅरेजमध्ये कुणी लक्ष देत नाही आणि ती सगळ्यात जास्त पैसे वाचवते. अशा जुन्या मागच्या चाकांच्या गाड्यांत टॉप गिअरमध्ये शक्ती गिअरबॉक्समधून थेट आरपार जाते, गिअरच्या दातांच्या जोड्यांतून फिरत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये मात्र ती दातांच्या दोन जोड्यांतून जाते. म्हणून तिसऱ्यातला सैलपणा टॉपपेक्षा बराच जास्त निघाला तर जादा भाग गिअरबॉक्सचा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर गिअरबॉक्स निर्दोष समजायला हरकत नाही, निदान त्या ‘खट्’पुरता.

त्यानंतर खडूची खरी कामगिरी. दोन्ही मागची चाके स्टँडवर घेऊन गाडीखाली जा. आता गाडी फक्त पुढच्या चाकांवर थोपलेली आहे, म्हणून त्यांचे ठोकळे पुन्हा एकदा दाबून पाहा. प्रत्येक जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे अशी एकाच रेषेत खडूची खूण करा. मदतनिसाने चाक हळू पुढे-मागे हलवायचे, तुम्ही खुणा बघायच्या. दोन्ही खुणा बरोबर हलल्या तर तो जोड ठीक. एक हलली आणि दुसरी तिथेच राहिली तर फट तिथे आहे. बँकेत नावे पडलेली रक्कम जमेला सापडली नाही की तो व्यवहार सापडतो, तसेच. हाफ शाफ्टच्या क्रॉसपासून सुरू करून पुढे इंजिनाकडे जायचे: क्रॉस, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्टचा मागचा क्रॉस, पुढचा क्रॉस.

क्रॉसच्या बाबतीत आमचा नियम सोपा आहे. डोळ्यांना दिसेल अशी कोणतीही हालचाल असेल तर क्रॉस बदलायचा. क्रॉसच्या टोकांना जी वाटीसारखी टोपणे असतात त्यांच्या कडेला गंजासारखी लालसर भुकटी दिसली तर आत सुया कोरड्या पडून घासत आहेत. आपल्या खानापूर-बेळगाव भागातला पाऊस आणि लाल चिखल याला फार पोषक. चिखल बसतो, वाळतो, ओल आत शिरते, ग्रीस धुऊन निघते. पावसाळ्यात चालवलेल्या गाडीपेक्षा पावसाळाभर ओल्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी कधीकधी जास्त खराब निघते, कारण सुया एकाच जागी गंजून क्रॉसवर खोल रेघा पाडतात.

जोडांच्या पलीकडे तीन जागा लपून बसतात. पहिली, डिफरन्शियलला चेसीवर धरणारे रबरी बुश. ते गळाले की पूर्ण डिफरन्शियल उठते-बसते आणि अगदी गिअर तुटल्यासारखा आवाज येतो. मदतनिसाने चाकाला हिसका दिला की डिफरन्शियलचे नाक उचलले जाते का ते पाहावे. दुसरी, चाकाला मागे-पुढे धरणारा रेडियस आर्म, त्याचेही बुश. तिसरी आणि फसवी, हब. हेरल्डमध्ये हाफ शाफ्टचे बाहेरचे टोक निमुळते असते, त्यावर हब बसतो आणि मध्ये एक चावी असते. नट थोडा सैल राहिला तर हब त्या चावीवर खेळतो, आणि ‘खट्’ येते. हा हब काढायला जाड पुलरच लागतो. हातोड्याने ठोकून काढायचा प्रयत्न केला तर शाफ्ट वाकतो किंवा हबची कड जाते, आणि शंभराच्या कामाचे हजार होतात.

निपाणीच्या एका सभासदांची हेरल्ड अशीच आमच्याकडे आली. घर तंबाखूच्या व्यापारातले, गाडी आजोबांच्या काळातली, आजी अजून तिला ‘आमची मोटार’ म्हणतात. एका गॅरेजने सांगितले होते की गिअरबॉक्स उघडावा लागेल, भाग मिळाले तर ठीक, नाहीतर काही खरे नाही. नातवाने भंगारवाल्याशी बोलणेही केले होते. आम्ही वरची मोजणी केली. टॉप आणि तिसऱ्या गिअरमधला फरक अगदीच थोडा. मग खडू. डाव्या हाफ शाफ्टच्या क्रॉसवर दोन खुणा एकमेकींपासून सरळ दूर गेल्या, आणि टोपणाभोवती तीच लालसर भुकटी. डिफरन्शियलच्या पुढच्या बाजूचे बुशही चिरले होते. गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही. दोन्ही बाजूंचे क्रॉस आणि बुश बदलले, खर्च गिअरबॉक्सच्या अंदाजपत्रकाच्या सहाव्या हिश्शाच्या आत बसला. गाडीपेक्षा आम्हाला धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तो क्रॉस तसाच ठेवून ते कुटुंब गणपतीत कोल्हापूरला जाऊन आले होते, पाच जण आणि सामान घेऊन.

आता क्लच. इथे चार तक्रारी असतात आणि चारींची कारणे वेगवेगळी.

घसरणे ओळखायला चढ सर्वात चांगला. पहाटे रस्ता मोकळा असताना एखाद्या सौम्य चढावर टॉप गिअरमध्ये ४०च्या वेगाने जात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतो. शेडमध्येच बघायचे असेल तर हँडब्रेक घट्ट ओढून, पायाने ब्रेकही दाबून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच नेहमीसारखा सोडा. इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. कुरकुरत चालू राहिले तर प्लेट संपत आली किंवा तिच्यावर तेल आले आहे. गाडीसमोर कुणी उभे राहायचे नाही आणि ही परीक्षा एकदाच करायची, वारंवार केली तर चांगली प्लेटही जळेल. घसरतो म्हणजे नेहमी प्लेटच संपली असेही नाही. केबलच्या गाड्यांत पेडलला मोकळा खेळ उरला नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो. आधी ते बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरी तक्रार बरोबर उलटी, क्लच सुटत नाही. पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सहसा सिंक्रो नसतो, म्हणून तो प्रामाणिक साक्षीदार आहे. थांबूनही ‘कर्रर्र’ झाले तर प्लेट अजून फिरते आहे. हेरल्डचा क्लच तेलावर, म्हणजे हायड्रॉलिक, चालतो. त्यामुळे मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळतो का, तेलात हवा शिरली का, हे आधी पाहावे. एक-दोनदा पेडल पंप केल्यावर रिव्हर्स सुखाने पडला तर दोष निश्चित तिथलाच, प्लेटचा नाही. चार महिने उभ्या असलेल्या गाडीत मात्र प्लेट ओलीने फ्लायव्हीलला चिकटते. त्यावर औषध म्हणजे पावसाळ्यातही दर पंधरवड्याला गाडी सुरू करून क्लच दहा-वीस वेळा दाबून सोडणे. शेडमध्ये उभी ठेवायची असेल तर काही जण पेडलला आणि सीटला मध्ये काठी लावून क्लच दाबलेला ठेवतात. प्लेट सुटी राहते हे खरे, पण स्प्रिंगा आणि सिलिंडरची रबरे महिनोन्‌महिने ताणलेली राहतात, म्हणून आम्हाला ते पटत नाही.

थरथरणे ही तिसरी. गाडी उचलताना कापते. प्लेटवर तेल, असमान झिजलेले फ्लायव्हील किंवा इंजिनाचे फाउंडेशन रबर, यापैकी एक. रबर आधी बघा, स्वस्त आहे.

चौथी आवाजाची, आणि तिची परीक्षा आम्हाला फार आवडते कारण ती बसल्या जागी होते. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा. क्लच दाबल्यावर किरकिर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. क्लच दाबल्यावर किरकिर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो.

हेरल्ड-स्पिटफायरवाल्यांसाठी एक पाचवी तपासणी, आणि ती बाकी चारींपेक्षा महत्त्वाची. क्लच दाबताना रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला ढकलते, आणि त्या दाबाने क्रँक शाफ्ट पुढच्या बाजूला रेटला जातो. तो पुढे सरकू नये म्हणून इंजिनात अर्धचंद्रासारखे दोन थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजत जातात, फारच झिजले तर जागेवरून निसटून खाली तेलात पडतात, आणि मग क्रँक थेट ब्लॉकला घासायला लागतो. त्या दिवशी क्लच आणि गिअरबॉक्स विसरा, इंजिनच गेले. तपासायला इंजिन बंद ठेवा, बॉनेट उघडा, मदतनिसाला क्लच दाबायला-सोडायला सांगा आणि तुम्ही समोरच्या क्रँक पुलीकडे बघा. तिथे जी हालचाल मान्य आहे ती मिलिमीटरच्या अंशात असते. पुली डोळ्यांना सहज दिसेल इतकी पुढे-मागे सरकली तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि वॉशर बदलून घ्या. जाड वॉशरही मिळतात, आणि ऑइल पॅन खाली काढून हे काम इंजिन न उतरवता होते. सिग्नलवर गिअर घालून क्लच दाबून बसायची सवय या वॉशरांची शत्रू आहे. न्यूट्रल करा आणि डावा पाय बाजूला ठेवा. आरपीडी चौकात आमच्या शेजारी उभे राहून पाहिलेत तर गाडीवाल्यांपैकी दहातले आठ जण पेडलवरच उभे असतात.

सॅन स्टॉर्मवाल्यांना वरचे बरेचसे लागू नाही. तिच्यात रेनोचे १.२ लिटरचे इंजिन पुढे आडवे बसवलेले, शक्ती पुढच्याच चाकांना, वर फायबरग्लासची बॉडी. प्रोपेलर शाफ्ट नाही, क्राऊन-पिनियन नाही. तिथे सैलपणा शोधायचा तो दोन्ही बाजूंच्या ड्राइव्ह शाफ्टमध्ये. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना ‘टक्-टक्’ आले तर बाहेरचा जॉइंट. सरळ जाताना वेग घेतला की पुढचे नाक थरथरले तर आतला. आणि नुसतीच ‘खट्’ असेल तर आम्ही आधी इंजिनाच्या माउंटिंगवर संशय घेऊ, कारण आडवे इंजिन झटक्याबरोबर पुढे-मागे डुलते. जॉइंटचे रबरी बूट फाटलेले दिसले तर त्याच आठवड्यात बदला. बूट स्वस्त, आत चिखल गेल्यावरचा जॉइंट महाग. तिची फायबरची बॉडी गंजत नाही म्हणून खालचे लोखंडही गंजत नसेल असे मात्र समजू नका.

भागांविषयी थोडेसे. क्रॉस ही वस्तू अनेक गाड्यांत एकाच मापाची असते, म्हणून जुना क्रॉस हातात घेऊन जावे आणि टोपणाचा व्यास व एकूण लांबी व्हर्निअरने मोजून जुळवावी. नुसते ‘हेरल्डचा द्या’ म्हटल्यावर दुकानदार मान हलवतो, माप सांगितले की खण उघडतो. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासून सपाट करणे, हबची चावी नवी करणे, बुश ओतून घेणे अशी कामे बेळगावकरांना उद्यमबागेत होतात. निपाणीकरांना कोल्हापूरची शिवाजी उद्यमनगरी जवळ पडते. दोन्ही ठिकाणी फाउंड्री आणि लेथवर पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी माणसे आहेत. त्यांना गाडी कुठली ते माहीत नसले तरी चालते, नमुना आणि माप बरोबर असले की पुरते. क्लच प्लेटला नवे लायनिंग बसवून घेणार असाल तर रिव्हेटची डोकी लायनिंगच्या खाली किती आहेत ते स्वतः पाहून घ्या, वर आली तर फ्लायव्हीलवर चरे पडतात.

हेरल्डचा क्लच बदलायचाच झाला तर गाडीच्या रचनेत एक सोय आहे, जी आजच्या मिस्त्रींना माहीत नसते. तिचा गिअरबॉक्स खालून नव्हे, गाडीच्या आतून निघतो. पुढच्या सीट आणि मधले झाकण काढले की तो समोर येतो, इंजिन जागचे हलवावे लागत नाही. आणि एकदा तो बाहेर आला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. एका बेअरिंगसाठी तेच झाकण पुन्हा काढायची वेळ आणू नका.

प्रोपेलर शाफ्ट किंवा हाफ शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर मध्यछिद्राच्या टाचणीने खुणा करा, खडू पुसला जातो. परत बसवताना त्याच खुणा जुळल्या पाहिजेत, आणि प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच पातळीत हवेत. ते एक खाच जरी फिरले तरी ६०च्या पुढे गाडी थरथरू लागते, आणि मग नव्या क्रॉसलाच दोष दिला जातो. काम झाल्यावर २०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा आवळा, हबचा नट सर्वात आधी. ज्या क्रॉसना ग्रीसची निप्पल आहे त्यांना पावसाळा संपताच, ऑक्टोबरमध्ये, नवे ग्रीस भरा. जुने काळे ग्रीस चारही टोपणांतून बाहेर येईपर्यंत पंप मारत राहायचे. एखाद्या टोपणातून ते आलेच नाही तर तो क्रॉस त्या बाजूला आतून बंद झाला आहे, आणि खडू घेऊन पुन्हा खाली जावे लागेल.